आंब्यासारखी पानं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढेसुद्धा हा विषय मी शिताफीनं टाळत आले — हात जोडायचे आणि घाईघाईनं भलतंच काहीतरी मागायचं. आज सांगणार आहे. ठरवलंय म्हणजे ठरवलंय. मध्येच मी हवापाण्याच्या गप्पा मारू लागले, तर समजा की मी पुन्हा पळ काढतेय — आणि मला धरून जागेवर बसवा.

आधी मी कोण ते सांगते. ही टाळाटाळ झाली का? नाही, हे लागणार आहे.

मी सुनंदा. मूळची पुण्याची, राहते लंडनच्या टोकाला, स्टॅनमोरला. रोज ट्यूबनं शहरात जाऊन दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधते. ऑडिट म्हणतात त्याला. चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि, घरचे सांगतील, छंदही. आमच्या इथल्या मराठी मंडळात कुठल्या पूजेला काय लागतं, कुठला नैवेद्य कधी, हे विचारायला बायका मलाच फोन करतात. ‘सुनंदाताईंना विचारा’ — हे वाक्य मला फार आवडायचं. किती आवडायचं, ते पुढे कळेलच.

तर, आंब्याची पानं. इंग्लंडमध्ये ती कुठून आणायची हा इथल्या प्रत्येक मराठी घराचा सणासुदीचा प्रश्न. वेम्बलीच्या दुकानात कधी मिळतात, कधी काळी पडलेली असतात, कधी नसतातच. माझ्या बागेच्या कडेला मात्र लॉरेलचं हिरवं कुंपण आहे. लांबट, जाड, चकचकीत पानं. ओवून दाराला लावली की लांबून तरी कुणी आंबा नाही म्हणणार नाही. हा शोध माझा! पाडव्याला आणि दसऱ्याला निम्मं मंडळ कात्र्या घेऊन माझ्याकडे येतं, मी चहा करते आणि शहाणपण वाटते. होता होता मला वाटायला लागलं, आपल्याला इथली झाडं कळतात. एका कुंपणाच्या जिवावर!

घोड्यांचं वेड मला उशिरा लागलं. मुलगा युनिव्हर्सिटीला गेला, घर खायला उठलं, आणि मी जवळच्या एका तबेल्यात घोड्यावर बसायला शिकू लागले. नवरा म्हणाला, पडलीस तर मला फोन करू नकोस. पडले, आणि केलाही. तिथेच अनुजा भेटली. माझ्याहून बरीच लहान, जन्म स्लाऊचा, आईवडील साताऱ्याकडचे. ती कॉलेजात असताना तिची आई गेली. मराठी मोडकं-तोडकं, पण बोलायला अजिबात न लाजणारी. पहिल्याच दिवशी मला ताई म्हणाली.

तिचा स्वतःचा पोनी होता — बार्नी. वेल्श जातीचा, बुटका, तपकिरी, गोल पोटाचा आणि कमालीचा खादाड. हातातलं सँडविच, जॅकेटची दोरी, दुसऱ्या घोड्याच्या शेपटीत अडकलेलं गवत — त्याला काहीही चालायचं. शाळेत असल्यापासून तो तिच्याकडे होता. आईच्या आजारपणात ती रोज तबेल्यात जाऊन त्याच्या मानेत तोंड खुपसून रडायची, असं तिनंच मला सांगितलं होतं. म्हणजे मला ठाऊक होतं, तो तिचा कोण होता. हे लक्षात ठेवा. ‘मला कल्पना नव्हती’ असं म्हणायची सोय मला नाही.

आम्ही दोघी घोडे घेऊन कॅम्पिंगला जायचो. इथे काही शेतांवर तशी सोय असते — गाडीमागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये घोडे. तिथे पोचलं की आपला तंबू ठोकायचा आणि शेजारी घोड्यांना चरायला गवताचा तुकडा आखून घ्यायचा. आखायचा म्हणजे खुंट्या रोवून पांढरी पट्टी ओढायची. पट्टीतून बॅटरीनं बारीक करंट सोडतात. घोड्याला एकदा चटका बसला की तो पुन्हा तिकडे तोंड नेत नाही. ही कामं आम्ही वाटून घेतली होती. तंबू आणि स्वयंपाक माझा. घोडे, पट्टी आणि बॅटरी अनुजाची. मी तबेल्यातली पॉपी नावाची म्हातारी घोडी उसनी आणायचे.

त्या वर्षी दसरा वीकेंडला आला. अनुजा म्हणाली, "ताई, आई सांगायची दसऱ्याला घोड्याची पूजा असतो. आपण बार्नीचा करू या ना? मला ना, काहीच येत नाही. यू टीच मी, प्लीज." तुम्हीच सांगा, मला आणखी काय हवं होतं?

आम्ही वेल्सच्या सीमेवरच्या एका शेतावर गेलो. डोंगर, मेंढ्या, ओलं गवत. शेताची मालकीण ग्वेन, सत्तरीची, शिडशिडीत बाई. पोचल्या पोचल्या तिनं आम्हाला नळ कुठे, शॉवर कुठे ते दाखवलं आणि म्हणाली, रस्त्याकडच्या झुडपांपासून घोडे लांब ठेवाल तर बरं होईल. इतकंच, हसून, जाता जाता. मी गाडीतून डबे काढत होते. मला वाटलं, इंग्लिश बाई आहे, बागेवर जीव आहे, आपली झुडपं कुणी कुरतडू नयेत म्हणून सांगतेय. का सांगतेय ते मी विचारलं नाही. अनुजानं मात्र मुकाट्यानं पट्टी त्या झुडपांपासून चांगली आत घेऊन आखली. बटण दाबलं, बॅटरीच्या डब्यावरचा दिवा लुकलुकतोय ना ते पाहिलं, आणि मग पॉपीला शेजारच्या तुकड्यात वेगळं सोडलं, कारण बार्नी तिच्या वाटचंही खायचा.

दसऱ्याच्या सकाळी अनुजा शिऱ्यासाठी दूध आणायला गावातल्या दुकानात गेली. मी ठरवलं, ती यायच्या आत सगळं सजवून तिला चकित करायचं. झेंडूची फुलं मी हॅरोहून आणली होती. पानं मात्र घरी राहिली — कापून ठेवली होती आणि ओट्यावरच विसरले. आणि समोर, रस्त्याच्या कडेला, ती झुडपं. लांबट, जाड, चकचकीत पानं. डहाळीच्या टोकाला पानांचा छान झुबका, कलशावर ठेवायला हवा तसा. मला वाटलं, आपलंच लॉरेल. झाडं मला कळत होती ना!

कात्री घेतली आणि भरपूर कापली. हातचं राखून काही करायचा माझा स्वभावच नाही. बार्नीसाठी पानाफुलांचा जाड हार केला, त्याच्या कुंपणाच्या दाराला तोरण केलं. तोरण बांधताना पट्टीचा चटका बसू नये म्हणून डब्याचं बटण बंद केलं. बार्नीला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, गळ्यात हार घातला. तो शहाण्यासारखा उभा राहिला. उरलेल्या डहाळ्यांची पिशवी दारापाशीच ठेवली आणि तंबूकडे जाऊन रवा भाजायला घेतला. रवा भाजताना मी आरती म्हणत होते. एवढी खूश होते मी.

परत आले तेव्हा हार नव्हता. झेंडू गवतात विखुरले होते, तोरणाचा दोरा लोंबत होता, पिशवी फाटलेली होती आणि डहाळ्यांना पान उरलं नव्हतं. बार्नी चावत होता. आणि मी — हे लिहिताना हात थांबतोय, पण लिहिणार — मी खदखदून हसले. म्हटलं, काय रे मेल्या, नैवेद्याआधीच? मग वाटलं, अनुजा चिडेल. त्याच्या खाण्याचं ती फार काटेकोरपणे बघायची. त्याच्या खुरांना त्रास होता, पथ्य होतं. म्हणून फुलं, दोरे आणि काटक्या गोळा करून कचऱ्याच्या पेटीत खाली दडपल्या. रात्री जेवताना हसत हसत सांगू, असं मनाशी ठरवलं. या गडबडीत बटण पुन्हा चालू करायचं राहून गेलं.

अनुजा दूध घेऊन आली, तिनं बार्नीच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं आणि मला घट्ट मिठी मारली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. म्हणाली, आई असती तर तिला किती आवडलं असतं.

इथवरचं सगळं — चूक म्हणा, मूर्खपणा म्हणा. त्यापुढचं तसं नाही.

दुपारी फिरून येताना बार्नी अडखळू लागला. तोंडातून लाळेच्या तारा, पाय फाकलेले, मान खाली. अनुजानं त्याच्यावरून उतरून त्याला हळूहळू चालवत आणलं आणि व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, फोन केला. व्हेट आली. तरुण मुलगी होती, केस वर बांधलेले, आवाज शांत. तिनं त्याच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि विचारलं, यानं काही वेगळं खाल्लंय का? कुंपणाची पानं, बागेतली कापलेली झुडपं, असं काही?

तेव्हा मला ग्वेनचं बोलणं आठवलं. का सांगत होती, ते एका क्षणात कळलं. अनुजा म्हणाली, माझ्यासमोर तरी काही नाही, आणि माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही दिला का काही त्याला?"

किती सोपं होतं! एक शब्द. ‘हो’ म्हणायला किती वेळ लागतो? दोघी माझ्याकडे बघत होत्या, आणि मला काय दिसत होतं सांगू? बार्नी नाही. मला मंडळातल्या बायका दिसत होत्या. सुनंदाताईंनी दसऱ्याच्या पूजेत पोनीला विष घातलं, असं सांगणाऱ्या.

मी म्हणाले, नाही. काहीच नाही.

झालं. सांगून झालं. वाटलं होतं, कागदावर हे वाक्य आलं की मोकळं वाटेल. वाटत नाहीये. पण थांबायचंही नाहीये, कारण गोष्ट इथे संपत नाही.

व्हेटनं साधी पोटदुखी समजून इंजेक्शन दिलं, लक्ष ठेवा म्हणाली आणि दुसऱ्या शेतावर गेली. मी लक्ष ठेवलं! त्याच्या शेजारी उभी राहून मानेवरून हात फिरवत राहिले. अजूनही सांगता आलं असतं. फोन माझ्या खिशात होता. व्हेटचा नंबर त्यात होता. मी स्वतःला सांगत राहिले, इंजेक्शननं उतरेल, उतरेल. दिवस कलला तेव्हा बार्नी खाली बसला आणि उठेना. नाकातोंडातून हिरवा फेस आला. व्हेट धावत परत आली, त्या फेसातला पानाचा तुकडा तिनं बोटावर घेऊन पाहिला आणि म्हणाली, ऱ्होडोडेंड्रॉन.

माझं लॉरेल. ऱ्होडोडेंड्रॉन होतं ते, घोड्यांना जहर.

व्हेट म्हणाली, दुपारीच कळलं असतं तर पोटात नळी घालून औषध देता आलं असतं, निदान एक संधी होती; आता नाही. अनुजानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. शेवटचं इंजेक्शन देईपर्यंत ती त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती, इंग्लिशमध्ये. मी दोन पावलं मागे उभी होते.

तोवर ग्वेन कुंपण बघायला गेली होती. परत येऊन हळूच म्हणाली, बॅटरी बंद आहे गं. सगळ्यांना उलगडा झाला. करंट नव्हता, पट्टी ओलांडून तो झुडपांपर्यंत पोचला असणार. अनुजा मला म्हणाली, "ताई, मी बटण दाबला होता ना? तुम्ही बघितला ना?"

मी बघितलं होतं. दिवा लुकलुकताना मी स्वतः बघितला होता.

मी म्हणाले, मला नाही आठवत गं.

पहिला नकार भीतीनं दिला असेल, तोंडातून निसटला असेल. हा तसा नव्हता. हा मी विचार करून दिला. ‘दाबलं नव्हतंस’ असं म्हटलं असतं तर ते धडधडीत खोटं झालं असतं. ‘आठवत नाही’ यात कुणी मला पकडू शकत नव्हतं. चुका शोधण्यात जन्म गेला माझा; कुठली चूक सापडत नाही, ते मला बरोबर ठाऊक होतं.

आणि मग मी तिला जवळ घेतलं. परतीच्या वाटेवर, मागे अर्धा रिकामा ट्रेलर, आणि मी म्हणतेय, असं होतं गं, माणूस आहे, कुणाच्याही हातून होतं, स्वतःला दोष देऊ नकोस. म्हणजे काय केलं मी? तिनं न केलेल्या चुकीबद्दल तिला माफ केलं! आणि तिनं ‘थँक्यू ताई’ म्हटलं. ते मी ऐकून घेतलं. याहून हलकट असं मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

पुढे तिनं ट्रेलर विकला, घोड्यावर बसणं सोडलं. कुणी विचारलं तर लपवत नाही. सरळ सांगते, माझ्या विसराळूपणानं माझा पोनी गेला. मी शेजारी बसलेली असते. मी चकल्या पुढे करते.

हे असंच चाललं असतं. मला सवय झाली होती, खरं सांगते. माणसाला कशाचीही सवय होते. पण आता अनुजाला मुलगी आहे. इरा. रांगते, दिसेल ते तोंडात घालते. आणि अनुजा — गाडीत इराचा पट्टा लावते, दार लावते, पुन्हा उघडते, पट्टा ओढून बघते. घराबाहेर पडली की गॅस बघायला परत जाते. नवऱ्याला ऑफिसात फोन करून विचारते, मी आंघोळीच्या पाण्यात हात घालून बघितलं होतं का? पलीकडून तो बिचारा म्हणतो, बघितलंस. तिला पटत नाही. तिला स्वतःचे डोळे पटत नाहीत, स्वतःचा हात पटत नाही. बटण दाबल्याचं तिला स्वच्छ आठवत होतं, आणि तेच खोटं निघालं. मग ती कशावर विश्वास ठेवणार?

आज तिचा फोन आला. इराला पोहायच्या तलावावर न्यायचं होतं, लहान बाळांचा वर्ग असतो तिथे. म्हणाली, "ताई, तुम्ही पण या ना. मी एकटी नाही नेत तिला. मी काहीतरी विसरते. यू नो व्हॉट आय ॲम लाइक."

हो. ती कशी आहे ते मला माहीत आहे. या जगात फक्त मलाच माहीत आहे.

मी म्हटलं, उद्या सकाळी मी स्लाऊला येतेय, तुला काहीतरी सांगायचंय. तिनं विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, नाही. असं म्हटल्यावर आता मला मागे फिरता येणार नाही. म्हणूनच म्हटलं.

घाबरले होते, असं तिला सांगणार नाही. ते खरं आहे, पण त्याचा तिला काय उपयोग? मला पान ओळखता आलं नाही, ग्वेननं नीट सांगितलं नाही, हेही नाही. रडणारही नाही — मी रडले तर ती उठून मला पाणी आणून देईल, तिचा स्वभावच तसा आहे, आणि पुन्हा एकदा तिच्या वाटचं रडणं मीच घेतल्यासारखं होईल. माफ कर, असंही म्हणणार नाही. तो शब्द मी आधीच वापरून नासवला आहे. ती ओरडली तर ऐकेन. दार लावून घेतलं तर गाडीत बसून घरी येईन. मंडळात कुणाला सांगायचं, किती सांगायचं, ते तिनं ठरवावं. घरात नवऱ्याला मी आज रात्री सांगते आहे.

तिच्या घरी आत जाऊन बसणार नाही, चहाला हो म्हणणार नाही. चहा झाला की मी बोलणार नाही, मी मला ओळखते. दारातच सांगेन. वाक्यं घोकून ठेवली आहेत, साधी, तिला नीट कळतील अशी. अनुजा, त्या दिवशी बटण तू दाबलं होतंस, मी पाहिलं होतं. ते बंद मी केलं. पानं मी तोडली, मी त्याच्यापुढे ठेवली, आणि व्हेटनं विचारलं तेव्हा नाही म्हणाले. तू काहीही विसरली नव्हतीस.